पदरावर ठेवलेले हात

“कात्री?”

“दिली की.”

“अडकित्ता?”

“तो तुमच्याच चंचीत असतो.”

“क्रोशाची सुई?”

ती मी उशीखाली सरकवली होती. काढून दिली. आत्तींनी ती उजेडात धरून पाहिली, चोराच्या कमरेचा सुरा सापडावा तशी, आणि बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकली. पत्रा खणकन वाजला.

“आन् शिवणाच्या सुया?”

“पाकिटात आहेत. ते काय, तुमच्यापुढेच.”

“समद्या?”

“सगळ्या, आत्ती.”

पंच्याण्णव सालची दिवाळी. लक्ष्मीपूजनाची दुपार. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण लागणार होतं आणि मला सातवा महिना होता. पोटुशीनं ग्रहणात काही कापायचं नाही, शिवायचं नाही, गाठ मारायची नाही, नाहीतर बाळात व्यंग येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून माझ्या सासूबाई, म्हणजे आत्ती, घरातली टोकदार वस्तू न् वस्तू गोळा करत होत्या. माझ्या ब्लाऊजची पिनसुद्धा त्यांनी मागून घेतली. मग डब्याचं झाकण लावलं, डबा ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, आणि किल्ली कनवटीला.

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. राग आला की मला दुसरं काही करताच येत नव्हतं. श्रावणापासून मी पलंगावर होते. आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नव्हतं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बोट रोखून सांगितलं होतं, “उठायचं ते फक्त न्हाणीघरापुरतं.”

आम्ही साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो, दोन खोल्या आणि मागे दोरी टांगण्यापुरती जागा. जयवंत, माझा नवरा, कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची गोडी मोजायचा. दसऱ्याला बॉयलर पेटला की घरी तो झोपण्यापुरता. मग दिवसभर मी, आत्ती आणि खिडकी.

खरं सांगायचं तर ते दिवस मला फार आवडले होते. कुणापुढे बोलले नाही कधी. दोन लेकरं गमावलेल्या बाईनं पलंगावर मजेत असणं लोकांना बरं दिसत नाही. पण पाऊस उघडला होता, ऑक्टोबरचं ऊन सकाळी खिडकीतून आत यायचं ते थेट माझ्या पावलांवर. खिडकीच्या कट्ट्यावर सीताफळं पिकत ठेवलेली. रोज एकेकाला दाबून बघायचं, डोळा उघडलाय का. कुंडीत शेवंती. मांडीवर पितळी ताट घेऊन मी त्यात रांगोळी काढायचे. ठिपके, वेल, कासव. संध्याकाळी आत्ती ते ताट नेऊन तुळशीपाशी ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुसून परत आणून द्यायच्या. क्रोशा मी एका जुन्या रुमालाची कड उसवून उसवून शिकले. आणि दुपटं शिवायला शिकले ते माझ्या आईच्या फाटक्या वाकळेवरून.

दुपटं म्हणायचं नाही हं. जन्माआधी बाळासाठी शिवायचं नसतं, हाही नियम. म्हणून त्याचं नाव होतं ‘टीपॉयवर टाकायचं कापड’. आमच्याकडे टीपॉय नव्हता. वसाहतीतल्या बायकांनी जुन्या मऊ लुगड्यांचे तुकडे आणून दिले, तेही ‘टीपॉयसाठी’ म्हणून. हिरवा इरकलीचा काठ, कुणाचं निळं पातळ, जयवंतचा एक पांढरा सदरा. त्यावर लाल दोऱ्यानं धावदोरा, कडेपासून आत, चौकोनात चौकोन. टाका पडत गेला की कापड हाताखाली वाळूसारखं सुरकुतत जातं. त्या सुरकुत्यांवरून बोट फिरवत मी तासन् तास बसे.

आत्तींचं नाव हौसाबाई, आणि हौस म्हणाल तर एकही नाही. सुईला तर त्या शिवतही नसत. जयवंतच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर तो बिचारा स्वतः लावायचा. पण मी दुपटं खाली ठेवलं की त्या येता-जाता ते उचलायच्या, उलटं करायच्या आणि मागची बाजू न्याहाळायच्या.

“हे बघ. हितं टाका लांब झालाय.”

“पुढून कळत नाही की.”

“सुलटी बाजू समदीच नीट ठेवत्यात. शिवण उलट्या अंगानं बघायची असती.”

सुई न धरणाऱ्या बाईनं हे मला सांगावं याचा मला तेव्हा फक्त राग यायचा.

आणि त्या दुपारी सगळ्यात मोठा राग होता तो दाराशी उतरलेल्या पिशवीचा. आक्का आल्या होत्या.

आक्का म्हणजे जयवंतच्या आत्या, आत्तींच्या थोरल्या नणंद. उंच, गोऱ्या, कपाळावर जुन्या पैशाएवढं कुंकू, आणि प्रत्येक घरातल्या प्रत्येक दुःखाचं कारण त्यांना पाठ. माझं पहिलं गेलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “उंबऱ्यावर बसली असंल.” दुसरं गेलं तेव्हा म्हणाल्या, “पपई खाल्ली असंल.” मी पपई खाल्ली नव्हती. पण आपण अमुक खाल्लं नाही हे सिद्ध कसं करायचं? वर्षभर वसाहतीतल्या बायका माझ्यासमोर पपईचं नाव काढायच्या नाहीत. तेवढ्यावरून मला कळायचं, सगळ्यांना सांगून झालंय.

आणि अशा बाईला, ऐन ग्रहणाच्या आदल्या दिवशी, आत्तींनी स्वतः निरोप धाडून बोलावून घेतलं होतं.

“का पण?” मी जयवंतला कुजबुजत विचारलं. तो स्टुलावर उभा राहून आकाशकंदील टांगत होता. कंदील त्याचाच, कामट्या पट्टीनं मोजून कापलेल्या, तरी दरवर्षी एका बाजूला कललेला.

“मला काय माहीत. आईला विचार.”

“तू विचार.”

त्यानं विचारलं. आत्ती चकलीचा सोऱ्या घासत होत्या.

“सणाला माणूस नगं व्हय घरात?”

“आई, ग्रहण म्हणजे नुसती सावली असते. चंद्राची. हिला उगीच कोंडून ठेवू नकोस. मैदानावर सगळे चष्मे लावून बघणार आहेत, मीसुद्धा चाललोय.”

“जा की तू. तुला कोण इचारनार हाय उद्या?” आत्ती म्हणाल्या आणि सोऱ्या पालथा घातला. “हिला इचारतील.”

तो कंदिलाची दोरी ओढायला लागला. मला वाटलं, झालं. मायलेकाचं भांडण मिटलं आणि मी तुरुंगात गेले.

सकाळी उजाडायच्या आत आत्तींनी मला उठवलं, आंघोळीला पाणी दिलं, चार घास खायला लावले. मग खिडकीवर जाड चादर टाकली, चारी बाजूंनी खोचली. मला पलंगाच्या टोकाशी भिंतीला टेकून बसवलं, पाय लांब करून. साडीचा पदर पुढे घेऊन पोटावर नीट पसरला.

“आता दोनी हात पदरावर ठेव. असे. वर, दिसतील असे.”

“किती वेळ?”

“सुटंस्तवर.”

“खाज सुटली तर?”

“मला सांग. मी खाजवते.”

एरवी मी हसले असते. पण त्या सकाळी नाही. पहाटेपासून बाळ हललं नव्हतं. एरवी आंघोळीचं गरम पाणी पाठीवर पडलं की ते हमखास ढुशी द्यायचं. आज नाही. खाल्ल्यावर नाही. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आक्कांनी कारण सांगितलं असतं.

आक्का पलंगासमोर खुर्ची घेऊन बसल्या. ती खुर्चीही आत्तींनीच तिथे ठेवली होती, बरोबर माझ्या पुढ्यात. आक्कांच्या हातात जपमाळ. आत्ती पलंगाच्या कडेला, माझ्या डाव्या अंगाला. जयवंत मैदानावर गेला. बाहेर वसाहत चिडीचूप झाली. दिवाळीच्या सकाळी एक फटाका नाही, एक पोर रडत नाही. कुठल्यातरी घरात टीव्हीवर ग्रहणाचं वर्णन चाललं होतं, तेवढाच आवाज.

पाय जरा वर ओढून घ्यावा म्हणून मी सरकले, आणि गादीखालून काहीतरी टोचलं. अगदी बारीक.

माझ्या डोळ्यांपुढे ते जसंच्या तसं उभं राहिलं. काल दुपारी आत्ती कात्री मागत खोलीत आल्या तेव्हा मी दुपटं घाईनं गादीखाली सारलं होतं. शेवटचा चौकोन अर्धा राहिला होता. आणि अर्ध्यात थांबताना मी नेहमी करते तेच केलं होतं. सुई दोऱ्यासकट कापडातच खोवून ठेवली होती.

समद्या? सगळ्या, आत्ती.

मी श्वास अडवून बसले. टोचत होतं मांडीला, खालून. हलावं तर आक्का बघणार. हलू नये तर सुई आणखी वर येणार. आणि मनात मात्र एकच, की बाळा, हल. एकदा हल. मग ती सुई माझ्या मांडीतून आरपार गेली तरी चालेल.

उजेड उतरायला लागला. सावली आल्यासारखा नाही. ऊन होतं, पण त्याचा रंग कुणीतरी काढून घेतल्यासारखा, चिंच न लावलेल्या पितळेसारखा. चादरीला बारीक भोकं होती. त्यातून आत येणारे कवडसे एरवी गोल पडायचे. त्या दिवशी समोरच्या भिंतीवर आणि आक्कांच्या फिकट लुगड्यावर सगळीकडे बारीक बारीक चंद्रकोरी पडल्या. विळ्यासारख्या. हलत होत्या, चादर हलेल तशा.

“आगं बाई,” आक्का म्हणाल्या आणि आपल्याच मांडीवरची कोर झटकायला लागल्या. ती हातावर आली. “हे काय गं हौसे? ग्रहण घरात आलं की! पोरी, डोळे मीट. बघू नगंस.”

मी डोळे मिटले. मग मला फक्त ऐकू यायला लागलं. माळेचे मणी. टीव्ही. आत्तींचा श्वास.

तो मध्येच थांबला.

मी पापणी किलकिली केली. आत्ती माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या गादीच्या कडेला बघत होत्या. तिथून लाल दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत होतं, वीतभर, पांढऱ्या चादरीवर. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं असणार. कारण त्यांनी काही विचारलं नाही. त्या फक्त अंगानं थोड्या पुढे सरकल्या, लुगड्याचा घोळ दोऱ्यावर आला, आणि त्या तिथेच घट्ट बसल्या.

“काय झालं?” आक्का.

“कुटं काय.”

“सरकलीस का?”

“पाय अवघडला वन्सं.” नणंदेला त्या वन्सं म्हणायच्या.

आक्कांचा जप पुन्हा सुरू झाला. चार मणी सरकले असतील. मग माळ थांबली.

“हौसे, ऊठ जरा.”

“का?”

“ऊठ म्हन्ते न्हवं.”

आत्ती उठल्या नाहीत. आक्काच उठल्या. खुर्चीवरून दोन पावलं, वाकल्या, आणि आत्तींच्या लुगड्याखालून दोऱ्याचं टोक चिमटीत धरून ओढलं. दोऱ्याबरोबर दुपट्याचा कोपरा बाहेर आला. कोपऱ्याबरोबर सुई. एक कोर नेमकी तिच्यावर पडली होती, चमकली.

मला वाटलं, आता त्या म्हणतील. वाक्य माझ्या कानात आधीच वाजत होतं, पपईसारखंच. ग्रहणात सुई घेऊन बसली होती.

“बगितलंस?” आक्का आत्तींना म्हणाल्या. हळू, जवळजवळ मायेनं. “बगितलंस हौसे? पुन्यांदा तेच. तवा तुझ्या उशाशी आन् आता हिच्या बुडाखाली.”

पुन्हा तेच म्हणजे काय, ते मला कळलं नाही. मी आत्तींकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला.

“आना हिकडं ते.”

“काय करनार?”

“माझं हाय. माझ्या हातात द्या.”

“तुझं?”

“व्हय. माझं. सुईबी माझी. मीच ठेवलीया.”

आणि त्यांनी दुपटं आक्कांच्या हातातून काढून घेतलं, मांडीवर पसरलं, सुई उपसली, दोरा बोटाभोवती एकदा फिरवला, आणि टाका घातला.

मी आयुष्यात आत्तींच्या हातात सुई पाहिली नव्हती. पहिला टाका वाकडा पडला, चांगला बोटभर लांब. दुसरा त्याहून बरा. तिसऱ्यापासून हाताला आठवलं असावं. सुई कापडात शिरायची ती चार-पाच घड्या गोळा करूनच वर यायची.

“हौसे! ग्रहण हाय!”

“हाय की. माझ्या पोटात कुटं काय हाय? मला चालतंय.”

“तू... तू सुई धरलीस?”

“आज धरली,” आत्ती म्हणाल्या. मान वर केली नाही. “तवा धरली नव्हती, वन्सं. आज धरली. आज नीट बगून घ्या.”

आक्का खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे खुर्चीनं त्यांना झेललं.

“आन् हिचे हात बगा,” आत्ती टाका घालत म्हणाल्या. “कुटं हाईत?”

“हाईत की हितंच.”

“हितंच म्हंजे कुटं? तोंडानं बोला.”

“पदरावर.”

“सकाळधरनं?”

“सकाळधरनं.”

“बगत ऱ्हावा. त्येच्यासाठीच बलिवलंया तुमास्नी.”

माझे हात होते तिथेच होते. आणि त्या हातांखाली, पदराखाली, एकदम एक ढुशी बसली. अशी की पदर उडाला. मग दुसरी. मला दोन्ही हातांनी पोट धरून मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण हात हलवायचे नव्हते. मी तशीच बसून राहिले आणि पाणी हनुवटीवरून पदरावर टपकत राहिलं. आक्कांनी पदर उडालेला पाहिला. आत्तींनीही पाहिला. सुई क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

भिंतीवरच्या कोरी हळूहळू जाड झाल्या, अर्ध्या झाल्या, गोल झाल्या. बाहेर कुणीतरी पहिला फटाका उडवला. आत्तींनी शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि सुई माझ्या क्रोशाच्या टोपलीत खोवली. बिस्किटाच्या डब्यात नाही.

“धुवायला पायजे,” दुपटं झटकत त्या म्हणाल्या. “टीपॉयला.”

आक्का आंघोळीला गेल्यावर मी विचारलं. आत्ती खिडकीवरची चादर काढत होत्या, पाठ माझ्याकडे.

“जयवंताच्या आदी एक झाला हुता मला. वरचा ओट फाटलेला, टाळा फाटलेला. दूद ओडता यायचं न्हाई. पंदरा दिस राहिला.” चादरीची घडी त्या घालत राहिल्या. “सातव्यात ग्रहण आलतं. मी एकटी हुते घरात. गप पडून हुते गं, हातसुदिक हलिवला न्हाई. पर वाकळ शिवाया घेतली हुती, ती उशाला पडल्याली. सुई तिच्यात. सुटल्यावर वन्सं आल्या, त्येंनी ती बगितली.”

“तुम्ही सांगितलं नाही?”

“कुणाला? साक्षीला कोण हुतं? मामंजींनी इचारलं, सासूनं इचारलं. पोरगं गेलं तरी इचारत हुती.” घडी पूर्ण झाली. “ग्रहणाला कोण भितंय? ते येतंय आन् जातंय. मानसं जाईत न्हाईत. तुझं काय बी झालं असतं, बरं नाहीतर वाईट, तर ह्या वक्ताला मला साक्ष पायजे हुती. आन् ती वन्संचीच पायजे हुती.”

जानेवारीत रेवती झाली. तालुक्याच्या गावात, हॉस्पिटलमध्ये.

नर्सनं तिला माझ्याकडे आणलं तेव्हा टॉवेल जरा जास्तच वर ओढलेला होता. मी तो खाली केला. वरच्या ओठाला मधोमध चीर होती, नाकपुडीपर्यंत. बाकी सगळं जागच्या जागी. डोळे, जावळ, जयवंतची भुवई. मी ती चीर बघत राहिले आणि मला फक्त टोक बाहेर आलेली ती सुई दिसत राहिली.

डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या. टाळू चांगली आहे म्हणाल्या, ओठ शिवता येतो, चार-पाच महिन्यांनी मोठ्या शहरात. “आणि हे बघ, हा ओठ पोटात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळतो. जुळायचा असेल तर जुळतो. नंतर तू काय केलंस नि काय नाही, त्याचा काही संबंध नाही. घराण्यात आधी कुणाला होतं का?”

म्हणजे आश्विनातल्या त्या सकाळी भिंतीवर चंद्रकोरी हलत होत्या, तेव्हा हा ओठ कधीचाच घडून बसला होता. मी हिशेब करत होते आणि आत्ती दारात उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं. आत आल्या, पोरीला उचललं, चीर नीट निरखली, आणि नर्सकडे वाटी-चमचा मागितला.

“अंगावर ओडता न्हाई आलं तर चमच्यानं पाजू. बसती करून पाजायची, आडवी न्हाई.” मग स्वतःशीच, “तवा कुनी सांगितलं न्हाई.”

बाराव्या दिवशी बारसं. खोलीत वसाहतीतल्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या. हळदीकुंकू, घुगऱ्या, पाळण्याला शेवंतीच्या माळा. पाळण्यात ते दुपटं. प्रत्येक बाई वाकायची, “अगं बाई, किती गोड,” म्हणायची आणि मागे सरताना शेजारणीकडे बघायची. आक्का भिंतीशी बसल्या होत्या. आल्यापासून पाळण्यात डोकावल्या नव्हत्या.

शेवटी शिर्केवहिनींनी तोंड उघडलं. चीफ केमिस्टच्या बायको. कुणीतरी विचारायचंच होतं. “उज्ज्वला, रागावू नको हं. पण त्या ग्रहणाच्या दिवशी काही... चुकून, काही कापलं-शिवलं नव्हतंस ना गं?”

मी तोंड उघडलं. आणि मला कळलं की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. नाही म्हणणं हे काही उत्तर नसतं.

“तिला काय इचारताय?” आत्ती म्हणाल्या. त्यांनी पाळण्याची दोरी सोडली आणि भिंतीकडे वळल्या. “वन्सं हुत्या की समोर. त्येंस्नी इचारा. वन्सं, सांगा ह्येंस्नी, हिचे हात कुटं हुते?”

सगळ्यांच्या माना आक्कांकडे. आक्कांनी पदर सारखा केला. त्या एकदा माझ्याकडे, एकदा पाळण्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, त्या सुईचं सांगणार. सांगितलं असतं तर खोटं नव्हतं. सुई होतीच.

“पदरावर,” आक्का म्हणाल्या.

मग त्या शिर्केवहिनींकडे वळल्या.

“सुटंस्तवर पदरावर. मी हुते. पोरीनं बोटसुदिक हलिवलं न्हाई. तिच्या माथी काय मारू नगा.”

शिर्केवहिनींनी “तसं नव्हे हो,” म्हणून घुगऱ्यांचा द्रोण उचलला. बायका पुन्हा बोलायला लागल्या, जरा जास्तच मोठ्यानं. पण आत्ती उभ्याच होत्या.

“आन् माज्या वक्ताला, वन्सं?” त्या म्हणाल्या. एवढ्या हळू की मी जवळ नसते तर मलाही ऐकू आलं नसतं. “माजे हात कुटं हुते?”

आक्का द्रोणातली घुगरी बोटानं इकडून तिकडे सारत राहिल्या.

“मला न्हाई म्हाईत,” त्या म्हणाल्या. “तवा मी नव्हते.”

एवढंच. आत्तींनी मान हलवली, जसं काही बाजारातून आणायला सांगितलेली वस्तू अखेर आली. मग त्या वळल्या आणि पाळण्याची दोरी हातात घेतली.

त्यानंतर आत्ती जगल्या ती अकरा वर्षं त्यांनी वसाहतीतल्या निम्म्या पोरांची दुपटी शिवली. जन्माच्या आधी. कुणी हरकत घेतली तर म्हणायच्या, टीपॉयचं हाय.

आणि रेवतीचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, त्या दिवशी त्यांनी तिला खिडकीशी नेलं, भर उजेडात. हनुवटी धरून ओठ निरखला, अगदी नाकाजवळ नाक नेऊन. सर्जन तरुण होता. तो उगीचच सरळ उभा राहिला.

“टाका बारीक हाय,” आत्ती म्हणाल्या. “सारखा हाय.”

“थँक्यू, आजी.”

“थांब.” त्यांनी अंगठ्यानं हळूच तो इवलासा ओठ वर उलटा केला आणि वाकून आतली बाजू पाहिली.